परतीची वाट : हौशी सीएनसीचं वायरिंग आणि नॉइज

सीएनसी, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर कोरणारं मशीन, व्यवस्थित चालतंय. तिन्ही अक्ष होम होतात (आपल्या सुरुवातीच्या जागी जातात), स्पिंडलच्या, म्हणजे टूल फिरवणाऱ्या मोटरच्या, जागी पेन लावून काढलेली आकृती रेघेवर रेघ जुळते. मग खरा स्पिंडल सुरू करावा, तर दोन मिनिटांत पडद्यावर हार्ड लिमिटचा अलार्म, म्हणजे एखादा अक्ष टोकाच्या लिमिट स्विचला लागल्याचा इशारा. गॅन्ट्री (स्पिंडल वाहून नेणारी चौकट) मात्र टेबलाच्या मधोमध उभी, एकही स्विच तिच्या जवळपास नाही. तुमच्यापैकी ज्यांनी स्वतः मशीन बांधलंय, त्यातल्या बऱ्याच जणांनी हे पाहिलं असेल.

मी तीन आठवडे यात घालवले. लिमिट स्विच बदलले, केबल बदलली, सॉफ्टवेअरमध्ये डिबाउन्स (क्षणिक सिग्नलकडे दुर्लक्ष करण्याचा वेळ) वाढवून पाहिला. शेवटी सगळी वीज बंद करून मल्टिमीटर स्पिंडलच्या कनेक्टरला लावला. चौथी पिन, जिला मी अर्थिंगची समजत होतो, ती आतून कशालाच जोडलेली नव्हती. अर्थिंगची वायर मी तिथपर्यंत नीट आणली होती आणि ती तिथेच संपत होती. चार पिनांच्या स्वस्त स्पिंडलमध्ये हे सर्रास आढळतं, म्हणून वायरिंगला हात लावण्याआधी चौथी पिन आणि स्पिंडलची बॉडी यांच्यातली कंटिन्यूटी (जोडणी अखंड आहे का) तपासा. इथे नॉइजपेक्षा, म्हणजे सिग्नलमध्ये घुसणाऱ्या नको असलेल्या विजेपेक्षा, जिवाचा प्रश्न मोठा आहे. आतलं इन्सुलेशन फुटलं तर ती बॉडी जिवंत होते, आणि आपण तिला हाताने धरून टूल बदलतो.

आता त्या तुटलेल्या अर्थिंगचा आणि लिमिटच्या अलार्मचा संबंध काय? २३० व्होल्टवर चालणारा व्हीएफडी (स्पिंडलचा वेग ठरवणारा ड्राइव्ह) आधी आतमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट डीसी तयार करतो, आणि ते सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून मोटरला देतो. प्रत्येक वेळी व्होल्टेज मायक्रोसेकंदाच्याही छोट्या अंशात उडी मारतं. मोटरचं वाइंडिंग आणि तिची बॉडी यांच्यामध्ये थोडी कपॅसिटन्स असतेच, त्यातून प्रत्येक उडीला प्रवाहाचा एक झटका बॉडीत उतरतो. नॉइज हाही प्रवाहच आहे आणि तो जिथून निघाला तिथे, म्हणजे व्हीएफडीकडे, परत जाणारच. तुम्ही जवळची, जाड वाट दिलीत तर त्या वाटेने जाईल. नाही दिलीत तर गॅन्ट्री, लिमिट स्विचची केबल, कंट्रोल बोर्ड, यूएसबी, लॅपटॉपचा चार्जर असा फिरून जाईल.

म्हणून स्पिंडलसाठी चार कोअरची शील्डेड (धातूच्या जाळीचं आवरण असलेली) केबल घ्या. तीन फेज, चौथी वायर अर्थ, आणि शील्ड दोन्ही टोकांना जोडलेलं. शील्ड एकाच टोकाला जोडायचं, असं तुम्ही ऐकलं असेल. लिमिट स्विचसारख्या सिग्नलच्या केबलला ते लागू पडतं, कारण तिथे शील्डमधून फिरणारा प्रवाह आपल्याला नको असतो. मोटरच्या केबलमध्ये शील्ड हीच परतीची वाट आहे, आणि एका टोकाला कापलेली वाट कुठेच पोचत नाही. शील्ड पिळून त्याची लांब शेपटीही करू नका. दहा सेंटिमीटर वायरचा इंडक्टन्स साधारण ०.१ मायक्रोहेन्री असतो. मल्टिमीटरवर ती शेपटी शून्य ओहम दिसते, पण १० मेगाहर्ट्झला तीच सहा ओहमच्या वर जाते. पॅनलच्या प्लेटवरचा रंग खरवडून, धातूच्या क्लॅम्पने शील्ड सर्व बाजूंनी दाबून बसवा. ईएमआय फिल्टरही (विजेच्या लाइनमधला नॉइज अडवणारा) तसाच उघड्या धातूवर आणि वीज आत शिरते त्या जागेजवळ बसवा.

आता सगळ्यात दुबळी कडी, लिमिट स्विचची वायर. जीआरबीएल (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) ज्यावर चालतं त्या अर्डुइनो ऊनो बोर्डाच्या चिपमध्ये पुल-अप, म्हणजे पिन पाच व्होल्टकडे ओढून धरणारा, रेझिस्टर २० ते ५० किलोओहमचा असतो. स्विच नॉर्मली ओपन (एरवी उघडा) असेल, तर मीटर-दोन मीटर वायर केवळ त्या रेझिस्टरच्या आधाराने पाच व्होल्टवर टिकून असते. ती मोटरच्या केबलला बांधलीत, दोघींमध्ये १० पिकोफॅरड कपॅसिटन्स झाली आणि वायरची ग्राउंडशी २०० पिकोफॅरड धरली, तर ३२५ व्होल्टच्या उडीतून तिच्यावर पंधरा व्होल्टचा काटा, म्हणजे क्षणिक उडी, उमटू शकतो. चिप दीड व्होल्टखालच्या सिग्नलला नक्की 'लो' मानते. शिवाय हार्ड लिमिट इंटरप्टवर चालतं, म्हणजे पिनवरचा बदल चिप तत्काळ टिपते, त्यामुळे असा क्षणिक काटाही पुरतो.

त्याच पिनवर १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा. आता तोच काटा ०.०३ व्होल्टवर येतो. एवढासा सिरॅमिक कपॅसिटर इतकं काम करतो, याचं मला आजही कौतुक वाटतं. सोबत बाहेरून ४.७ किलोओहमचा पुल-अप द्या, नाहीतर कपॅसिटर फार सावकाश भरेल. उशीर होतो तो अर्ध्या मिलिसेकंदाचा, आणि मिनिटाला १२०० मिलिमीटर वेगाने जाणारं मशीन तेवढ्यात ०.०१ मिलिमीटर सरकतं. स्विच नॉर्मली क्लोज्ड (एरवी बंद, म्हणजे जोडलेला) वापरा आणि जीआरबीएलमध्ये डॉलर पाच ($5) या सेटिंगचं मूल्य एक करा. मग वायर एरवी ग्राउंडला घट्ट धरलेली राहते आणि तुटली तर लगेच कळतं. याहून पक्कं हवं असेल तर स्विच २४ व्होल्टवर चालवून बोर्डाच्या आधी ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल देऊन दोन सर्किट वेगळी ठेवणारा भाग) घाला.

डिबाउन्सच्या बाबतीत माझं मत जरा कडक आहे. त्याने अलार्म गप्प बसतो, पण झटके बोर्डात येतच राहतात आणि पुढे यूएसबी तुटण्याच्या रूपाने भेटतात. आधी वायरिंग सुधारा.

बाकीचं थोडक्यात. स्पिंडलची केबल सिग्नलच्या वायरींपासून लांब ठेवा, ओलांडावीच लागली तर काटकोनात. डीसी रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड लावा. धूळ ओढणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळीत स्थिर वीज साठते, म्हणून नळीतून उघडी तांब्याची तार नेऊन अर्थला जोडा. आणि पॅनल उघडण्याआधी वीज तोडून व्हीएफडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा, मग डीसी टर्मिनलवर व्होल्टेज मोजूनच हात घाला. आतले कपॅसिटर वीज गेल्यावरही भरलेले असतात.

यूएसबी वारंवार तुटत असेल तर एक सोपी चाचणी करा. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. त्रास थांबला, तर प्रवाह चार्जरच्या अर्थिंगमधून फिरत होता असं समजा. मग छोटी यूएसबी केबल, तिच्यावर फेराइट, आणि मधे यूएसबी आयसोलेटर. पण तेही स्पिंडलची चौथी पिन तपासून झाल्यावर.