ठसा जुळतो, तरीही

फाइली वाटून घेणाऱ्या जाळ्याच्या नकाशावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे कुठला तरी एक संगणक आहे. काहींकडे पूर्ण फाइल आहे, बाकीच्यांकडे तिचे तुकडे, आणि ते तुकडे एकमेकांना पुरवणारी माणसे परस्परांना ओळखतही नाहीत. अनोळखी माणसाने दिलेला तुकडा खरा कशावरून, हा प्रश्न अशा पीअर-टू-पीअर, म्हणजे संगणकांनी एकमेकांना थेट फाइली देण्याच्या, जाळ्यांमागे पहिल्यापासून लागलेला आहे.

१९९९ साली आलेल्या नॅपस्टर या गाणी वाटून घेण्याच्या सेवेत फाइली लोकांच्या संगणकांवर असल्या, तरी त्यांची यादी कंपनीच्या सर्व्हरवर होती. म्हणूनच न्यायालयाच्या आदेशानंतर २००१ मध्ये ती सेवा बंद पडू शकली. २००० सालच्या ग्नुटेला या जाळ्याने हा मधला सर्व्हरच काढून टाकला. आता जाळे बंद पाडायला मालक उरला नाही. पण तक्रार न्यावी, असेही कोणी उरले नाही.

काझा या अशाच फाइल-वाटपाच्या जाळ्यावर ही उणीव ठळकपणे दिसली. तिथे फाइल ओळखण्यासाठी हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, वापरला जात असे. मात्र वेळ वाचावा म्हणून मोठ्या फाइलीचे ठरावीक भागच त्यासाठी मोजले जात. न मोजलेल्या भागात काहीही कोंबले तरी ठसा तोच राही. ही काटकसर महागात पडली, कारण बिघडवलेल्या फाइली खऱ्या फाइलींच्या नावाने सर्रास फिरू लागल्या.

ब्रॅम कोहेन यांच्या २००१ सालच्या बिटटोरेंट या फाइल-वाटपाच्या पद्धतीने प्रत्येक तुकड्याचा ठसा टोरेंट फाइलीतच, म्हणजे आधी घ्यायच्या छोट्या माहितीफाइलीतच, नोंदवला, त्यामुळे खोटा तुकडा पडताळणीतच बाद होतो. मात्र ठसा काढण्यासाठी वापरलेल्या एसएचए-१ या पद्धतीत एकच ठसा असलेल्या दोन वेगळ्या फाइली बनवता येतात, हे २०१७ मध्ये सिद्ध झाले. बिटटोरेंटच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याऐवजी एसएचए-२५६ ही अधिक मजबूत पद्धत आहे.

तरीही ठसा सांगतो तो एवढेच, की फाइल वाटेत बदललेली नाही. ती मुळातच घातक असेल, तर तीही तितक्याच अचूकपणे पोहोचते. पडताळणी करणारा प्रोग्रॅम तरी विश्वासाचा असावा ना? मार्च २०१६ मध्ये ट्रान्समिशन या टोरेंट प्रोग्रॅमच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या मॅक आवृत्तीत कीरेंजर हे खंडणीखोर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारे, सॉफ्टवेअर घुसवलेले आढळले.

शिवाय तुकडे मिळवायचे तर स्वतःचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरची आपली ओळख-संख्या, इतरांना कळू द्यावाच लागतो, आणि त्या गर्दीत केवळ पत्ते टिपण्यासाठी कोणी शिरले, तर त्याला अडवण्याची सोय नाही. पत्ता लपवायचा असेल तर फ्रीनेट (आताचे हायफानेट) या जाळ्याप्रमाणे प्रत्येक तुकडा अनेक मध्यस्थांमार्फत फिरवावा लागतो, आणि मग तो येतो फार सावकाश.