एकानं बोलावं, दुसऱ्यानं लिहावं

श्रोते हो, नमस्कार.

चीनचं नाव आपल्या कानावर रोज पडतं. सीमेवरची बातमी असते, नाहीतर बाजारात आलेला एखादा नवा फोन. पण तिथला माणूस घरात कसा बोलतो, सासू-सुनेत काय चालतं, गावातल्या रिकामटेकड्याला लोक कसं चिडवतात, हे बातम्यांतून कळत नाही. त्यासाठी त्यांच्या गोष्टी वाचाव्या लागतात, आणि त्याआधी कुणीतरी त्या चिनीतून बाहेर आणाव्या लागतात. हे काम आयुष्यभर करणाऱ्या एका जोडप्याविषयी आज बोलायचं आहे: यांग श्यान-यी आणि ग्लॅडिस यांग.

यांग यांचा जन्म 1915 चा, तिआनचिन शहरातला. घर पैसेवाल्यांचं, वडील बँकेत मोठ्या हुद्द्यावर. मुलाला जुनं चिनी वाङ्मय शिकवायला घरी पंतोजी यायचे. पुढे मिशनऱ्यांच्या शाळेत इंग्रजी आलं, आणि तिथून स्वारी पोचली ऑक्सफर्डला, ग्रीक आणि लॅटिन शिकायला. ग्लॅडिसची गोष्ट नेमकी उलटी. आईवडील इंग्रज मिशनरी, पण ती जन्मली 1919 साली बीजिंगमध्ये. ऑक्सफर्डला फ्रेंच शिकायला म्हणून गेली. तिथल्या चिनी मंडळात यांगची ओळख झाली आणि फ्रेंच सोडून तिनं चिनी घेतलं. ऑक्सफर्डमधून चिनी भाषेची पदवी घेणारी ती पहिली. म्हणजे अभ्यासक्रम सुरू होताच पहिल्या बाकावर बसलेली मुलगी! 1940 साली दोघं चीनला परतली. जपानशी युद्ध चालू होतं, चोंगछिंग या युद्धकाळातल्या राजधानीवर बॉम्ब पडत होते. लग्न तिथंच झालं. दोघांच्याही आयांना ते पसंत नव्हतं.

आता त्यांची कामाची पद्धत ऐका, कारण मला सगळ्यात गोडी तिची वाटते. यांग चिनी पुस्तक समोर धरायचे आणि वाचता वाचता तोंडानं इंग्रजी सांगत जायचे. ग्लॅडिस टाइपरायटरवर बसलेली. त्यांच्या बोलण्याच्या वेगानं ती टंकत जायची, आणि मग तो मजकूर परत घेऊन इंग्रजी वाचकाच्या कानाला बरा लागेल असा करायची. एकाचं बालपण मूळ भाषेत गेलेलं, दुसरीचं ज्या भाषेत न्यायचं तिच्यात. एखादी ओळ अडली तर वाद घालायला समोर माणूस हजर.

ही रीत चीनला नवी नव्हती. इसवी सन 401 मध्ये कुमारजीव हा बौद्ध पंडित छांगआन या तेव्हाच्या राजधानीला पोचला. तो मूळचा मध्य आशियातल्या कुचा राज्याचा, वडील भारतातले. त्याच्यासाठी तिथल्या राजानं भाषांतराची एक मोठी सभाच बसवली. हातात संस्कृत पोथी घेऊन तो चिनीत अर्थ सांगायचा. शेकडो भिक्षू ऐकायचे, शंका काढायचे, आणि लिहिणारे शिष्य वाक्य घडवायचे. वर्गही तोच आणि कारखानाही तोच. दीड हजार वर्षांनी लिन शू नावाच्या गृहस्थांनी युरोपातल्या कादंबऱ्यांचा ढीग चिनीत आणला. त्यांना स्वतःला एकही परकी भाषा येत नव्हती! मित्र बोलायचा, ते अभिजात चिनीत लिहायचे. यांग दांपत्यानं हीच गाडी उलट दिशेला वळवली, चीनमधून बाहेर.

1950 च्या दशकाच्या सुरुवातीला ती दोघं बीजिंगच्या परकीय भाषा प्रकाशनगृहात रुजू झाली. ही सरकारी संस्था. चिनी पुस्तकं जगभरच्या भाषांत छापायची, हे तिचं काम. 1951 साली चिनी साहित्याचं एक इंग्रजी नियतकालिकही निघालं होतं. त्याचा मोठा भार या दोघांनी वाहिला. आधुनिक चिनी कथेचे मोठे लेखक लू शुन यांच्या कथा इंग्रजीत आल्या, जुनी नाटकं आली, थांग राजवटीच्या काळातल्या अद्‌भुतकथा आल्या. मात्र काय भाषांतरित करायचं, हे बहुतेक वेळा त्यांच्या हातात नसे. यादी वरून यायची, आणि ती ठरवणारे राजकारणाची हवा बघून ठरवायचे. कुठलाही देश आपली संस्कृती स्वतःच्या खर्चानं बाहेर पाठवतो तेव्हा सोबत स्वतःला आवडणारं आपलं चित्रही पाठवतो. आपल्याकडचे सरकारी महोत्सव आठवले तर हे लगेच पटेल. तरीही त्या यादीत लू शुन होते, हे वाचकांचं नशीब.

मग आली सांस्कृतिक क्रांती, म्हणजे जुन्या आणि परक्या गोष्टींवर तुटून पडलेली माओंची मोहीम. घरात परकी बायको, भिंतीवर परकी पुस्तकं, एवढं संशयाला पुरे होतं. 1968 मध्ये दोघांना उचललं. चार वर्षं तुरुंगात, वेगवेगळ्या कोठड्यांत. मुलांची आबाळ झाली ती झालीच. मुलगा पुढे मनानं खचला आणि 1979 मध्ये त्यानं आयुष्य संपवलं. त्यावर मी जास्त बोलत नाही. सुटून आल्यावर दोघं अर्धवट राहिलेल्या कामाकडे वळली, एवढंच सांगतो.

ते काम होतं त्साओ श्वेचिन यांची अठराव्या शतकातली प्रचंड कादंबरी, होंग लोउ मंग. एका श्रीमंत घराण्याची हळूहळू होत गेलेली पडझड. 120 प्रकरणं, शेकडो पात्रं. चुलते, आत्या, दासी, दासींच्या दासी. मराठी वाचकाला यातलं काही परकं वाटू नये. वाड्यातलं एकत्र कुटुंब आपण पाहिलेलं आहे. यांग यांचं भाषांतर 1978 ते 1980 या काळात तीन खंडांत बाहेर आलं.

गंमत अशी, की त्याच वेळी तिकडे डेव्हिड हॉक्स यांनीही हीच कादंबरी हाती घेतली होती. हे ऑक्सफर्डमध्ये चिनीचे प्राध्यापक. या एका पुस्तकासाठी त्यांनी प्राध्यापकी सोडली. त्यांचा पहिला खंड 1973 मध्ये आला. हॉक्स दासींच्या नावांचेसुद्धा अर्थ इंग्रजीत देतात, वाचकाला हाताला धरून वाड्यात फिरवतात. यांग नावं बहुतेक चिनीच ठेवतात आणि सरळ पुढे निघतात. स्वतः ग्लॅडिसना हॉक्स फार आवडायचे. आपण मूळ मजकुराचा जरा जास्तच धाक बाळगला, असं त्या मोकळेपणानं म्हणायच्या. यांगना हे मान्य नव्हतं. भाषांतरकारानं लेखकाच्या जागी बसू नये, हा त्यांचा हेका. म्हणजे ज्या टेबलावर पुस्तक झालं, त्याच टेबलावर मतभेद. माझा कौल विचाराल, तर वाचायला हॉक्स आणि अभ्यासाला यांग.

1981 मध्ये यांग यांच्या पुढाकारानं पांडा बुक्स ही स्वस्त पुस्तकांची मालिका सुरू झाली. तिच्यामुळे शन त्सोंगवन यांच्यासारखा, मायदेशात तीस वर्षं बाजूला टाकलेला लेखक इंग्रजी वाचकांना भेटला. त्याच दशकात ग्लॅडिसनी नव्या चिनी लेखिका मुद्दाम शोधून भाषांतरित केल्या. 1989 च्या जूनमध्ये बीजिंगच्या तिआनआनमन चौकातलं विद्यार्थ्यांचं आंदोलन चिरडायला गोळ्या चालल्या, तेव्हा यांग यांनी बीबीसीवरून सरकारचा उघड धिक्कार केला. वय 74. आधीचे तुरुंगवासाचे दिवस विसरले असतील असं वाटत नाही. ग्लॅडिस 1999 मध्ये गेल्या, यांग 2009 मध्ये.

आता थोडं आपल्याकडे बघू. मराठी वाचकाला चीन भेटला तो पुष्कळसा पर्ल बक या अमेरिकन लेखिकेच्या कादंबऱ्यांतून, आणि त्या मुळात इंग्रजीतच लिहिलेल्या. चिनी शिकलेली माणसं आपल्यात नव्हती असंही नाही. पुण्यात पु. वि. बापट आणि वा. वि. गोखले यांनी चिनी शिकून बौद्ध ग्रंथांचा शोध घेतला. जे ग्रंथ संस्कृतात हरवले होते, ते चिनीत शिल्लक होते ना! पण त्यांचं या विषयातलं लेखन मुख्यतः विद्वानांसाठी आणि इंग्रजीत. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली गेले ते जखमींवर उपचार करायला, पण चिनी इतकं शिकले की तिथल्या विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया त्यांच्याच भाषेत शिकवू लागले. आपण त्यांची सेवा आठवतो, त्यांची चिनी भाषा कुणी आठवत नाही.

मराठीत थेट चिनीतून पुस्तकं यायची, तर दोन्ही भाषांत तयार झालेल्या एकाच माणसाची वाट बघत बसायला नको. चिनी शिकलेला एखादा विद्यार्थी आणि चांगलं मराठी लिहिणारा एखादा लेखक समोरासमोर बसवले, तरी सुरुवात होईल. विद्यापीठांनी आणि प्रकाशकांनी दोघांनाही मानधन द्यावं, आणि पुस्तक मात्र त्यांचं त्यांना निवडू द्यावं. कादंबरी नको, ती झेपणार नाही. लू शुन यांची दहा-बारा पानांची एखादी कथा घ्या, आणि एकानं ती मोठ्यानं वाचायला लागा.

नमस्कार.