चेन, पाना आणि सहा चाकं

(दृश्य: शेड. लाकडी ठोकळ्यांवर उचललेली सहाचाकी गाडी.)

एक चाक हाताने फिरवलं, की त्या बाजूची तिन्ही फिरतात. एकाच दिशेला, एकाच वेगाने. हे कसं होतं, ते या फळीखाली आहे.

(फळी निघते. निवेदन नाही.)

हे कॅनडातलं ऑन्टारिओ. तलावांवरचं बर्फ गेलंय आणि जमिनीवर, चिखलात, पाण्यात चालणारी ही जुनी गाडी हंगामाआधी उघडली आहे. इथे अशा गाड्या नवलाच्या नाहीत. याच प्रांतातल्या न्यू हॅम्बर्गमध्ये, गिअर बनवणाऱ्या ‘ऑन्टारिओ ड्राइव्ह अँड गिअर’ने १९६७ साली ‘आर्गो’ ही गाडी बनवायला सुरुवात केली.

खालचा भाग प्लास्टिकचा, होडीसारखा बंद. गिअरबॉक्सपासून अ‍ॅक्सलपर्यंतच्या चेन या होडीच्या आत. वळण घ्यायला चाकं वळत नाहीत. एका बाजूला ब्रेक लागतो, दुसरी बाजू ओढत राहते. म्हणून चेनचे खरे हाल पाण्यात होत नाहीत, कोरड्या, कडक जमिनीवर वळताना होतात. पाण्यात टायरच्या खाचा वल्ह्यासारख्या चालतात, तिथे जोर कमीच लागतो.

(जवळून: अंगठा चेन दाबतो.)

किल्ली काढलेली, स्पार्क प्लगची टोपीही काढलेली. अंगठ्याने मधोमध दाबायचं. इथे चेन बरीच खाली जाते. मोटरसायकलवर आपण मागचं चाक थोडं मागे घेतो आणि चेन ताणतो. इथे ती सोय नाही. अ‍ॅक्सल होडीला बसवलेल्या बेअरिंगमध्ये पक्के आहेत. त्यामुळे चेनवर बाहेरून रेटणारा हा छोटा स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चाक, सरकवायचा. लॉकनट ढिला, बोल्ट थोडा फिरवायचा, पुन्हा अंगठा.

आणि एकाच जागी बघून भागत नाही. चाक थोडं फिरवून पुन्हा बघायचं, कारण झिजलेला स्प्रॉकेट कुठे घट्ट असतो, कुठे सैल. सगळ्यांत घट्ट जागा सापडली की तिथे मॅन्युअलमधलं माप ठेवायचं. मोह होतो अजून एक आटा देण्याचा. देऊ नये. अति ताणाने बेअरिंग जातं.

(पट्टी आणि सुटी चेन.)

दुसऱ्या बाजूची चेन मात्र उतरवावी लागली. चेनच्या कड्यांच्या पोलादी पट्ट्या लांबत नाहीत, आतल्या पिना आणि त्यांवरच्या नळ्या, म्हणजे बुश, घासतात, आणि प्रत्येक कडीतली केसभर झीज मिळून चेन लांब होते. ही पाच अष्टमांश इंचाची चेन. नवी असताना ओढून धरल्यावर पिनेपासून पिनेपर्यंत १६ कड्या म्हणजे बरोबर १० इंच. इथे पट्टी सव्वादहाच्या पुढे गेली. हिला ताण देऊन उपयोग नाही.

नवी चेन याच मापाची, प्रमाणित. बेअरिंगच्या किंवा ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते. कंपनीचा खास सुटा भाग नको, संगणक जोडायला नको. पान्यांचा एक संच आणि पक्कड. कुणी तरी कधी तरी ठरवलं होतं, की ही गाडी मालकाला उघडता आली पाहिजे.

चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीची, म्हणजे चेन लॉकची, क्लिप बसताना बघा: उघडं तोंड चेन जाते त्याच्या उलट दिशेला.

(तळाचा बूच. ट्रेमध्ये काळं पाणी.)

होडीत साचलेलं तेल-पाणी ट्रेमध्येच काढायचं, तलावाकाठी बूच उघडायचा नाही.

हे सगळं टाळलं, तर ढिली चेन दात सोडते, तुटते, आणि एका बाजूचा जोर गेलेली गाडी पाण्यात गोल फिरत बसते.

(अंगणात चाचणी. डावीकडे वळण, उजवीकडे वळण.)

नवी चेन सुरुवातीच्या काही तासांत बसते आणि पुन्हा थोडी सैल पडते. म्हणून फळीचे बोल्ट सध्या हातानेच लावलेत.