पान जळतं, चांदी उरते

हे पुदिन्याचं पान. याचा चांदीचा दागिना होणार आहे. त्याच्या पाठीवर ब्रशने राखाडी लेप चढतोय, तो चांदीचा आहे. पाठ मुद्दाम निवडलीय, कारण शिरा तिथेच उठावदार असतात.

या लेपात चांदीची अतिशय बारीक पूड, तिला धरून ठेवणारा एक सेंद्रिय चिकट पदार्थ आणि पाणी असतं. जपानमध्ये १९९० च्या सुमारास मित्सुबिशी मटेरियल्स कंपनीतल्या मासाकी मोरिकावा यांनी ही मेटल क्ले, म्हणजे धातूची माती, तयार केली.

पहिला थर पातळ. तो सुकला की दुसरा, मग तिसरा. असे दहा-बारा थर द्यावे लागतात. आत ओल राहिली तर भट्टीत वाफ होऊन पान तडकतं. म्हणून ते जरासं गरम करून आरशावर ठेवतात. काचेवर धुरकट डाग उमटला, की अजून थांबायचं. कडा घासताना पडलेला भुगासुद्धा पाणी घालून पुन्हा वापरतात. सराफाच्या पेढीतली धूळ धुऊन सोनं मिळवणारे झारेकरी जपतात, तेवढ्याच जपणुकीने.

आता भट्टी. आपला सोनार चांदी मुशीत वितळवतो, ठोकून पत्रा काढतो, तार ओढतो. इथे चांदी वितळतच नाही. तिला वितळायला ९६२ अंश सेल्सिअस लागतात, ही भट्टी ८०० च्या आसपासच ठेवलीय. चिकट पदार्थ जळतो, पान जळतं, आणि चांदीचे कण न वितळताच, जिथे एकमेकांना टेकलेत तिथे सांधले जातात. मधल्या फटी मिटत जातात, म्हणून दागिना साधारण दहा टक्के आक्रसतो. पेंडंटचं त्याने काही बिघडत नाही. अंगठी मात्र मापाहून मोठी घडवावी लागते, आणि ती ओतीव चांदीइतकी मजबूत नसते, हे घेणाऱ्याला आधी सांगायलाच हवं.

भट्टीतून पान पांढरंफटक निघतं. साबणाच्या पाण्यात भिजवलेला पितळी ब्रश फिरला, की खालून चांदी दिसू लागते. बघा, ही केसाएवढी उपशीर! कसबी कारागीर छिन्नीने सुंदर शिरा कोरतो, पण त्या त्याच्या मनातल्या पानाच्या. या मघाशी देठावरून खुडलेल्या पानाच्या आहेत.

म्हणून ओपणी, म्हणजे घासून चकाकी आणायचं गुळगुळीत हत्यार, फक्त कडेने फिरवतात. मधे फिरवली तर चकाकी वाढेल, पण शिरा दबतील.