कोरड्या खड्यातलं पाणी

(पडद्यावर: टिपकागदावर मोरचुदाचा निळा खडा)

हा मोरचुदाचा, म्हणजे कॉपर सल्फेटचा (तांब्याच्या क्षाराचा) खडा. टिपकागदावर कितीही वेळ ठेवा, कागद कोरडाच. तरीही या खड्याच्या वजनातलं 36 टक्के निव्वळ पाणी आहे.

(ज्योतीवर परीक्षानळी)

खडे तापवू या. नळीचं तोंड जरा खाली झुकलेलं हवं. नाहीतर वर जमलेले थेंब घरंगळून तापलेल्या तळाशी येतात आणि काच तडकते. अनेकांना हे नळी फुटल्यावरच कळतं!

निळा रंग विरत चालला. तळाशी पांढरी भुकटी, तोंडाशी थेंब. हे स्फटिकजल.

वर्गात हा शब्द फळ्यावर लिहून धडा पुढे सरकतो. खरी गंमत मात्र इथेच आहे. हे पाणी खड्यात मुरलेलं नाही, खड्याच्या रचनेतच त्याच्या जागा ठरलेल्या आहेत. तांब्याच्या प्रत्येक आयनामागे (विद्युतभारित अणूमागे) पाण्याचे पाच रेणू. चार त्याला बिलगलेले. पाचवा बाजूला, हायड्रोजन बंधांच्या, म्हणजे हायड्रोजनमार्फतच्या हलक्या ओढीच्या आधाराने. बीव्हर्स आणि लिप्सन या शास्त्रज्ञांनी 1934 साली क्ष-किरणांनी ही मांडणी उलगडली. तापवल्यावर हे रेणू टप्प्याटप्प्याने निघतात. चार सुमारे 110 अंश सेल्सिअसपर्यंत जातात, शेवटचा 200 च्या आसपास. रंगही पाण्याच्याच जिवावर: ते बिलगलेलं असतं तोवर तांब्याचा आयन तांबडा प्रकाश शोषतो, म्हणून खडा निळा दिसतो.

(गार झालेल्या भुकटीवर पाण्याचे दोन थेंब)

पुन्हा निळी! आणि नळीला हात लावाल तर गरम. पाणी घातलं आणि तापलं.

धुण्याच्या सोड्याचे स्फटिक घ्या. वजनात जवळपास 63 टक्के पाणी, म्हणजे किलोभर सोड्यात सोडा जेमतेम 370 ग्रॅम. कोरड्या हवेत उघडे राहिले, तर दहापैकी नऊ रेणू उडून त्यांची भुकटी होते.

जिप्सम या खनिजात पाण्याचे रेणू दोनच. तापवून त्यातले सरासरी दीड काढले की प्लॅस्टर ऑफ पॅरिस. पाण्यात कालवलं की परत जिप्सम, मोडलेल्या हाडाभोवती घट्ट.

(आगीच्या चाचणीत जिप्समची भिंत)

या भिंतीला पलीकडून ज्वाळा भिडल्या आहेत. आतलं पाणी वाफ होऊन निघतंय आणि उष्णता त्यातच खर्ची पडतेय. ते संपेपर्यंत अलीकडची बाजू 100 अंशांच्या फारशी वर जात नाही.