सिद्धगड आणि टायबर

महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत मारुतीच्या देवळाजवळ किंवा वेशीपाशी एखादा कोरीव दगड उभा असतो आणि शेंदराच्या थरांखाली तो अर्धा बुजून गेलेला असतो. हा वीरगळ. त्याच्या खालच्या चौकटीत लढाई कोरलेली असते. तिथे गाई दिसल्या, तर गावची गुरे पळवणाऱ्यांशी झुंजताना हा माणूस पडला असे समजायचे. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला घेऊन चाललेल्या असतात आणि सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो. बहुतेक वीरगळांवर नाव नाही, साल नाही, राजाचाही उल्लेख नाही. भांडण कोणी उकरून काढले आणि न्याय कोणाच्या बाजूला होता, हे दगड सांगत नाही. आपला माणूस लढताना गेला, एवढीच नोंद गावाने ठेवली.

त्या नोंदीत न मावणारे दोन मृत्यू आता पाहू. दोन्ही माणसे एकाच, तेव्हाच्या कुलाबा आणि आजच्या रायगड जिल्ह्यातली.

भाई कोतवाल माथेरानचे, नाभिक समाजातले, शिकून वकील झालेले. १९४२च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ची हाक आली, तेव्हा ते भूमिगत झाले आणि आझाद दस्ता ही गुप्त लढाऊ तुकडी उभारून मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे पाडू लागले. हा मार्ग गांधीजींच्या अहिंसेत सहज बसणारा नव्हता, हे इथे सांगायलाच हवे. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठले आणि त्या गोळीबारात भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील हुतात्मा झाले.

त्यानंतर दीड वर्षाने, १० जुलै १९४४ रोजी, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीची एक कंपनी जर्मन ठाण्यावर चाल करून जात होती. माणगाव तालुक्यातले, नाईक या हुद्द्यावरचे यशवंत घाडगे त्यातल्या एका तुकडीचे नेतृत्व करत होते. अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला आणि ते स्वतः सोडून तुकडीतला प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. सोबत यायला आता कोणी नाही, हे ठाऊक असूनही घाडगे थेट त्या मशिनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकून त्यांनी ती गन आणि ती चालवणारा, दोन्ही शांत केले, टॉमीगनने आणखी एकाला मारले आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना ठेचून ठार केले. मग शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या आणि त्याच मोर्चात त्यांनी प्राण सोडला. वय २२ वर्षे. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले आणि त्यांचे नाव इटलीतल्या कॅसिनो स्मारकावर कोरले गेले.

पदकाच्या मानपत्रातला हा मजकूर समारंभात अभिमानाने वाचला जातो आणि तो अभिमान अस्थानी नाही. पण तो सावकाश वाचून पाहावा. नुकत्याच झडलेल्या बंदुकीची नळी तापलेली असते आणि ती धरणारा तळहात भाजला असणार. समोरची माणसे हाताच्या अंतरावर होती, म्हणजे त्यांचे चेहरे दिसत होते. त्या चौघांची नावे मानपत्रात नाहीत. शौर्याची आठवण ठेवताना हा भाग गाळला, तर आपण घाडग्यांना नव्हे, त्यांच्या पुतळ्याला आठवत असतो.

ते युद्ध न्याय्य होते का? नाझी जर्मनीला बळानेच थांबवावे लागणार होते, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या राजवटीने सुमारे ६० लाख ज्यूंची पद्धतशीर हत्या केली, ती विनवण्यांनी थांबली नसती. परंतु घाडग्यांना त्या रणांगणावर पाठवण्याचा अधिकार कोणाला होता, हा प्रश्न वेगळा आहे आणि पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला पुरत नाही. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी एकाही भारतीय नेत्याला न विचारता भारत युद्धात उतरल्याचे जाहीर केले आणि त्याच कारणावरून मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळासह सर्व काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. तरीही युद्ध संपेपर्यंत सुमारे २५ लाख भारतीय फौजेत गेले. ही भरती स्वेच्छेची होती असे म्हणतात आणि कायद्याच्या भाषेत ती होतीही. मात्र ज्या कोकणात घरे मनीऑर्डरवर चालत, तिथे स्वेच्छा या शब्दाचा अर्थ खाचराच्या आकारावरही ठरत होता. शिवाय जे सरकार युरोपच्या स्वातंत्र्यासाठी लढत असल्याचे सांगत होते, त्याच सरकारच्या अमलाखाली १९४३मध्ये बंगालात सुमारे ३० लाख माणसे भुकेने आणि रोगाने मेली.

म्हणून या दोघांपैकी एकाला देशभक्त आणि दुसऱ्याला साम्राज्याचा भाडोत्री ठरवणे मला पटत नाही. घाडग्यांनी ज्यांच्याशी झुंज दिली, ते खरोखर जगाला घातक होते. कोतवाल ज्यांच्याशी लढले, ते खरोखर आपल्या मानेवर बसलेले होते. एका इंग्रज सरकारने एकाला पदक दिले आणि दुसऱ्याला गोळी घातली. मेलेल्यांचे मोल ठरवण्याचे काम सरकारांवर सोडले, की असे होते.

सरकारे मोजतात कशी, याचा पुरावा आधीच्या महायुद्धानेही ठेवला आहे. युद्धानंतर अनेक गावांत पाट्या बसवल्या गेल्या. या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असा त्यांवरचा मजकूर. नाव एकही नाही, फक्त आकडे. इराकमधल्या बसरा इथल्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली आणि साधे भारतीय शिपाई मात्र संख्येत मोजले गेले. या भेदभावाची कबुली देऊन राष्ट्रकुल युद्ध स्मारक आयोगाने माफी मागितली, ती २०२१मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनी.

नाव कोरणे हे स्मरणाचे पहिले काम आहे, आणि मृतांच्या नावावर पुढचे युद्ध न विकणे हे त्याहून अवघड काम आहे. ‘त्यांचे बलिदान व्यर्थ जाऊ नये’ हे वाक्य ऐकले, की मी सावध होतो. मृतांचे नाव घेऊन लढाई लांबवली, तर मृतांची संख्याच वाढते. जे युद्ध आपली परंपरा धर्मयुद्ध मानते, त्याच्या शेवटी महाभारतात स्त्रीपर्व येते. तिथे जिंकलेला युधिष्ठिर आपल्यांबरोबर शत्रूकडच्यांचेही अंत्यसंस्कार करायला सांगतो आणि परदेशांतून आलेल्या, कोणी वाली नसलेल्या योद्ध्यांनाही अग्नी दिला जातो. आपल्या पंचांगातही भाद्रपद वद्य चतुर्दशीला ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’ असते. शस्त्राने मेलेल्यांचा हा दिवस. कोणत्या बाजूने लढताना मेले, असे तिथे विचारलेले नाही.

इटलीतल्या मोंतोने या गावी जुलै २०२३मध्ये यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ एका सूर्यघडीचे अनावरण झाले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, असा लॅटिन मजकूर तिच्यावर आहे. इकडे २ जानेवारीला सिद्धगडावर लोक जमतात आणि माणगावातही जानेवारीतच घाडग्यांचा उत्सव असतो. माणगावच्या पुतळ्यापुढे रांगेत उभ्या असलेल्या एखाद्या शाळकरी मुलीने, भाई कोतवाल कोणाविरुद्ध लढत होते आणि घाडगे कोणाच्या फौजेत होते, असे विचारले, तर तिला गप्प न बसवता दोन्ही उत्तरे देणारा एखादा शिक्षक त्या रांगेच्या शेजारी असावा, अशी माझी इच्छा आहे.