अठ्ठावीस हातांचा पडदा

नमस्कार मंडळी. नाताळ जवळ आलाय, काहीतरी बोला, असं मंडळाकडून सांगणं आलं. गव्हाणी आणि मेंढपाळ तुम्हाला ठाऊक आहेत, म्हणून मी आमच्या आजोबांचा पडदा घेऊन आलोय.

आजोबा सोलापूरला जुन्या मिलमध्ये मागावर होते. १८७७ची गिरणी ती. तिच्या भोंग्यावर आमच्या गल्लीतली चूल पेटायची. रात्री भाकरी-शेंगाचटणी झाली की आजोबा बायबल उघडायचे, आणि फिरून फिरून निर्गमच्या २६व्या अध्यायावर यायचे. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे, त्याला देव आपल्या वस्तीचा तंबू कसा करायचा ते त्यात सांगतो. इतर लोक तो अध्याय गाळतात, वाचताना खरंच डुलकी येते. आजोबांचा मात्र जीव त्यात! तलम सणाचे दहा पडदे, निळं, जांभळं, किरमिजी सूत, प्रत्येक पडदा २८ हात लांब, ४ हात रुंद, जोडायला ५०-५० बिरडी. "चार हात म्हणजे सहा फुटांचा पन्हा. हातमागावर दोन माणसं लागली असतील," असं म्हणत ते धोटा फेकल्यासारखा हात करायचे. शेजारचे तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर धर्मासाठी नाही, पण कापडासाठी ऐकायला बसत.

लोकांनी या कामाला इतकं सामान आणलं, की मोशेला दवंडी पिटून 'पुरे' म्हणावं लागलं. आपल्या खजिनदारांनी एवढं तरी लिहून घ्यावं.

पण देवाला कापडाचं घर का? कारण माणसं वाटेवर होती. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटलेली, पोहोचलेली कुठेच नाहीत. तंबूवरचा ढग उठला की पडदे उतरवायचे आणि निघायचं. पुढे दावीद राजाला लाज वाटली, आपण गंधसरूच्या घरात आणि देव कनातीत. त्यावर नाथान संदेष्ट्याकरवी उलट प्रश्न आला, मी कधी घर मागितलं होतं का? मंदिर झालं नंतर, दाविदाच्या मुलाच्या हातून. मला विचाराल तर तो प्रश्नच मोठा.

देव आणि माणसांच्या या नात्याला मराठी बायबलात 'करार' म्हणतात. परदेशात आल्यापासून करार आपल्या पाचवीला पुजलेत, नोकरीचे, भाड्याचे. दोन सह्या, एक महिन्याची नोटीस. बायबलात उत्पत्तीच्या १५व्या अध्यायात देव अब्रामाशी, या लोकांच्या मूळपुरुषाशी, करार करतो; तिथे जनावरं चिरून तुकडे समोरासमोर मांडलेत. करार करणाऱ्यानं त्यांच्या मधून चालायचं. शब्द मोडला तर माझंही असंच होवो, असा त्याचा अर्थ. आणि अब्राम? तो गाढ झोपलाय. मधून जाते ती धुमसती शेगडी आणि जळती मशाल, म्हणजे देव एकटाच. दुसऱ्या पक्षाला चालायला लावलंच नाही.

सीनायवर लोकांनीही सगळं पाळू म्हणून हो भरला होता. मोशे डोंगरावरून उतरायच्या आत त्यांनी पूजेला सोन्याचं वासरू ओतलं. इथे आजोबा थांबायचे. तंबूचा नमुना आधी दिला, वासरू मध्ये झालं, आणि विणकाम त्यानंतर. "सूत तुटलं म्हणून कुणी माग विकतं का? गाठ मारायची, चालू करायचा," असं म्हणायचे. पंडितांना हे चालेल की नाही, ठाऊक नाही. मला चाललं.

पुढे मंदिर जळालं, इ.स.पू. ५८६च्या सुमारास. त्याच्या आधीच बाबेलात, म्हणजे बॅबिलोनात, कैद करून नेलेल्या लोकांमध्ये यहेज्केल संदेष्टा होता. त्याला कळलं ते असं, की ज्या देशांत ही माणसं गेली, तिथे देवच त्यांचं पवित्रस्थान झाला, थोड्या काळापुरता का होईना. इथे माझ्या पहिल्या हिवाळ्यात, खोलीत एकटा असताना, मी ते वचन वाचलं आणि पुस्तक बराच वेळ मिटलं नाही.

आता नाताळ. योहान आपल्या शुभवर्तमानात येशूबद्दल म्हणतो, शब्द देही झाला. मराठीत आपण 'शब्द देतो', म्हणजे वचन देतो. ग्रीकमध्ये हा अर्थ बसत नाही, मी जरा लबाडी करतोय. पण मराठी कानाला तो ऐकू येतोच. पुढे 'वस्ती केली' म्हटलंय, तिथलं मूळ क्रियापद तंबू ठोकण्याचं आहे. हे कळल्यावर मी इथून आजोबांना फोन लावला. ऐकून थोडा वेळ गप्प राहिले.

मग म्हणाले, "पन्हा किती, ते लिहिलंय का?"